पुरा महिना हजर

आबा,

काल बँकेत गेलो होतो. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा स्वतः जाऊन सांगावं लागतं की आम्ही अजून आहोत. हयातीचा दाखला म्हणतात त्याला. खिडकीमागची मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिनं कागद पुढं सरकवला, माझं नाव वाचलं आणि मान वर न करता विचारलं, "आजोबा, स्वतः हजर आहात ना?" साधा प्रश्न होता. मी मात्र त्या कागदाकडंच बघत राहिलो. मागचा एक म्हातारा म्हणाला, "अहो, बोला, नाहीतर जिवंतपणी मारतील तुम्हाला," आणि सगळी रांग हसली. मीही हसलो, सही केली आणि बाहेर आलो. येताना पिरंगुटाच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत बस अर्धा तास अडकली होती. खिडकीतून तुमचा मैल कुठं असेल ते शोधत बसलो आणि काही सापडला नाही. घरी आल्या आल्या कोरा कागद घेऊन बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेलो नाही. खरं सांगायचं तर म्हणूनच लिहायला धीर होतोय.

तुम्ही मैलकुली होतात. हा शब्द आता कुणाला सांगितला तर लोक हमालीशी त्याचा संबंध लावतात. एक मैल रस्ता आणि तो सांभाळायला एक माणूस, अशी ती जुनी रीत. त्या मैलाचे दोन्ही बाजूंचे चर, तीन मोऱ्या, कडेचा मुरूम, खड्डे, रस्त्यावर वाकलेल्या फांद्या, सगळं तुमच्या एकट्याच्या जिवावर. मोठं काम निघालं की आसपासच्या मैलांची माणसं एकत्र यायची, तिला गँग म्हणायचे. अकरा जण होतात, त्यात तीन बायका. रस्त्याविषयी तुम्ही घरच्या बैलाविषयी बोलावं तसं बोलायचात. "तिसऱ्या मोरीचा गळा धरलाय," असं तुम्ही म्हणालात की आई चुलीपुढून म्हणायची, "मग सुंठीचा काढा पाजा की तिला." मी सातवीची फायनल पास झालो आणि त्याच खात्यात, पौडच्या कचेरीत, मस्टर कारकून म्हणून चिकटलो. तुम्ही चालत पुण्याला गेलात आणि माझ्यासाठी काळी छत्री घेऊन आलात. स्वतः सगळे पावसाळे पानांच्या इरल्याखाली काढलेल्या माणसानं आणलेली छत्री. मी म्हणालो, कशाला एवढं? तर म्हणालात, "तुजं न्हाई काय, पर कारकुनाचं कागद भिजत्यात."

मस्टर म्हणजे हजेरीचा मोठा कागद. डावीकडं नावं, पुढं दिवसादिवसाचे चौकोन. आला तर ‘ह’, नाही आला तर ‘गै’. तुम्हाला अख्ख्या बाराखडीतली ही दोनच अक्षरं ओळखू यायची. ‘ह’ म्हणजे कोयता आणि ‘गै’ म्हणजे डोक्यावर तुरे असलेला, असं तुम्ही आईला समजावून सांगत होतात, तेव्हा मी किती हसलो होतो! बाप माझा मजेदार आहे असं मी कचेरीतही सांगितलं होतं.

खात्यात तेव्हा रोजंदारीच्या माणसाला वर्ष पुरं होऊ देत नसत. वर्षाला थोडे दिवस उरले की त्याला घरी बसवायचं आणि मग पुन्हा नव्यानं कामावर घ्यायचं. त्या मधल्या दिवसांना खंड म्हणत. खंड पडला की मागची सगळी नोकरी पुसली गेली, माणूस पुन्हा पहिल्या दिवसाचा. तुम्ही अठरा वर्षं त्या रस्त्यावर होतात आणि कागदावर कधी एक वर्षाचेही झाला नाहीत. "आमी आजून रांगतुयाच," असं तुम्ही चेष्टेत म्हणायचात. त्या वर्षी मात्र नवीन आलेले ओव्हरसीअर म्हणाले होते, म्हातारबांचा यंदा खंड पाडत नाही, दिवाळीपर्यंत असेच नेतो आणि पक्क्यांच्या यादीसाठी नाव वर पाठवतो. आई तेव्हापासून दिवाळीचे दिवस बोटावर मोजायला लागली. तुम्ही एवढंच विचारलंत, "आन् बाकीच्यांचं?" त्यावर ओव्हरसीअर हसले होते.

बाकीच्यांचं म्हणून मग तो अर्ज निघाला. खंड बंद करा, जुन्या माणसांना पक्कं करा, एवढंच मागणं. अर्ज मी लिहावा असं तुम्ही म्हणालात. मी नाही म्हणालो. खात्याचाच कारकून मी, माझ्या अक्षरातला अर्ज कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर कसा जाणार? तुम्ही वाद घातला नाहीत, शाळेच्या मास्तरांकडून लिहून आणलात. अंगठे उठवायची वेळ आली तेव्हा मात्र अडलं. पहिला अंगठा ज्याचा, त्यालाच साहेब पुढारी म्हणून धरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गँगमध्ये डोंगरावरच्या वाडीतून रोज उतरून येणारी, घमेली वाहणारी एक म्हातारी होती, तिला सगळे मावशीच म्हणत. तिनं पाण्याचा तांब्या रिकामा केला, पदरानं पुसून कागदावर पालथा घातला आणि म्हणाली, "ह्येच्या कडंकडंनं उठवा. गोलात पयला कोन आन् शेवटला कोन?" अकरा अंगठे गोल उठले. तो कागद मी पाहिला आहे, आबा. मुलांनी फेर धरावा तसा दिसत होता.

आठ दिवसांत तो परत आला. ‘सामुदायिक अर्ज दाखल करून घेता येत नाही, प्रत्येकाने आपल्यापुरता स्वतंत्र अर्ज करावा,’ असा शेरा. साहेबांनी सांगितला, मी लिहिला. तुम्ही कागद उजेडाकडं धरलात आणि म्हणालात, "अक्षर तुजं हाय." वाचता येत नसलं तरी माझ्या अक्षराचं वळण तुम्ही ओळखत होतात.

"काय म्हंतुया साहेब?"

"एकेकानं या म्हणतायत. सरकारी कामातल्या माणसांनी असं जमून मागायचं नसतं."

"दरड काय एकेकानं काडतो व्हय आमी?"

मी म्हणालो, नियम आहे. कारकुनाला उत्तर सापडलं नाही की नियम सापडतो.

आषाढात, रस्त्याला माणसांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, तुम्ही अकरा जणांनी फावडी, कुदळी, घमेली कचेरीच्या पायरीवर आणून ठेवलीत. "मोजून घ्या," म्हणालात. मग रस्त्याकडेच्या जांभळीखाली जाऊन बसलात. ना घोषणा, ना झेंडा. पाऊस धो धो कोसळतोय आणि इरली पांघरलेली अकरा माणसं ओळीनं बसलीयेत, कुणी तंबाखू मळतंय, कुणी नुसतं समोरच्या रस्त्याकडं बघतंय. मी रोज सकाळी छत्री धरून तुमच्यासमोरून कचेरीला जातोय. तुम्ही हाक मारत नाही, मी मान वर करत नाही. पहिल्या दिवशी मी मस्टरवर अकरा ‘गै’ लिहिले. दुसऱ्या दिवशी दहा.

हो, दहाच. तुमच्या चौकोनात मी ‘ह’ लिहिला. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही तोच, आणि मग मागं जाऊन पहिल्या दिवसाचा ‘गै’ खरवडून तिथंही. ओव्हरसीअरकडं दोन भागांचं काम होतं, मस्टर त्यांनी माझ्यावर सोडलेलं. पाच दिवस गैरहजर म्हणजे पाच दिवसांचा खंड, आणि खंड म्हणजे दिवाळीची यादी गेली. आईला मी पुढं हेच कारण सांगितलं.

पाचव्या दिवशी पुढं घाटात दरड कोसळली. गाड्या दोन्हीकडं अडकल्या आणि साहेब स्वतः जीपनं जांभळीशी येऊन थांबले. मी साहेबांच्या मागं फाइल पोटाशी धरून उभा. साहेब म्हणाले, आधी दरड काढा, मग बोलू. तुम्ही उठून उभे राहिलात. म्हणालात, "आदी बोला साहेब. दरड कुटं पळून जात न्हाई." मावशी हसली, साहेबांनाही हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?" साहेबांना कारकुनाच्या बापाचं नाव ठाऊक होतं, चेहरा ठाऊक नव्हता. मी फाइलच्या नाड्या आवळायला लागलो. तुम्ही म्हणालात, "एकट्याचं नाव कशापायी? गँग म्हना." अर्धा तास साहेब पावसात उभ्यानं अकरा जणांशी बोलले. गोल अंगठ्यांचा अर्ज आहे तसा वर पाठवायचं कबूल केलं, कुणालाही काढणार नाही म्हणाले. पाच दिवसांचा खंड मात्र सगळ्यांना लागणार, त्याला इलाज नाही. तुम्ही एकमेकांकडं पाहिलंत आणि मान्य केलंत. सरकारी काम, सहा महिने थांब, हे काय तुम्हाला नवीन होतं! पण साहेब सगळ्यांशी एकदम बोलले, ही गोष्ट त्या रस्त्यावर आधी कधी झाली नव्हती. त्या दिवशी दरड काढताना तुमच्या गँगचा आरडाओरडा खाली रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. लग्नघर वाटावं असा.

महिनाअखेरीला कचेरीच्या ओसरीवर पगार झाला. ओव्हरसीअर मस्टरवरून नाव वाचायचे, हजेरी वाचायचे, मग अंगठा. गैरहजर पाच, गैरहजर पाच, असं चाललेलं. तुमचं नाव आलं आणि ते वाचून गेले, "पुरा महिना हजर." ओसरीवरची सगळी तोंडं तुमच्याकडं वळली. ओव्हरसीअरनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि डोळे पुन्हा कागदावर नेले. बाप-लेकाच्या भानगडीत कोण पडतो? तुम्ही तोंड उघडलंत. मी शेजारीच दौत घेऊन बसलो होतो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि तोंड मिटलंत. खोटं मस्टर लिहिणाऱ्या कारकुनाचं काय होतं, हे अठरा वर्षांत तुम्ही पाहिलं असणार. तुम्ही पुढं झालात, अंगठा शाईत बुडवलात आणि त्या खोट्या हजेरीपुढं उठवलात. मागून कुणीतरी म्हणालं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." दुसरा म्हणाला, "तरीच साहेबासंगं लई गोड बोलत हुता." जो माणूस सगळ्यांसाठी बोलला, तोच आतून साहेबाचा निघाला, असं त्यांनी धरलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच धरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, पण ताट पुढं ओढलं नाहीत. आई चुलीवर भाकरी टाकत होती. तुम्ही शांतपणे विचारलंत, "का केलंस?" मी चुलीतलं लाकूड आत सारलं. आईच म्हणाली, "पोराचं काय चुकलं? तुमच्यासाटीच केलं न्हवं त्यानं? दिवाळीला पक्कं व्हनार हुता." तुम्ही म्हणालात, "माज्यासाटी? मला इचारलं हुतंस?" मग माझ्याकडं वळून जे बोललात ते मला आजही शब्दानशब्द पाठ आहे. "मी हजर हुतोच रं. जांबळीखाली हुतो. पाच दिस, धा मानसांच्या संगं. जितं हुतो तितनं तू मला काडलंस आन् जितं न्हवतो तितं नेऊन बसिवलंस." आईची भाकरी तव्यावर करपली. तुम्ही न जेवताच उठलात.

पुढचे पंधरा दिवस गँग तुम्हाला एक शब्दही वावगा बोलली नाही, कारण गँग तुमच्याशी बोललीच नाही. दुपारी सगळे गोल बसून भाकरी सोडायचे, एकमेकांच्या फडक्यात चटणी, कोरड्यास टाकायचे. तुम्ही आलात की गोल मोडत नव्हता, फक्त रुंद होत नव्हता. तुम्ही मोरीच्या कठड्यावर एकटे जेवायचात. एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं तुम्हाला, की मस्टर पोरानं खोटं लिहिलं. तुम्ही ते म्हणाला नाहीत. मलाही ते म्हणता आलं असतं.

मग श्रावणातल्या एका सकाळी तुम्ही फावडं घेतलं नाहीत. तुमच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसलात, इरलं घेऊन, गँग समोरच काम करत असताना. मी कचेरीला चाललो होतो. थांबलो. विचारलं, बरं नाही का? तुम्ही म्हणालात, "बरा हाय. गैरहजर हाय. लिही." मला कळलं. मी म्हणालो, आबा, यादी जाईल, आई किती आशेनं बसलीय. छत्री पुढं केली. तुम्ही ती हातानं बाजूला सारलीत. "हाफिसाला जा. उशीर हुईल. तुजी तरी हजेरी खरी असू दे." त्या दिवशी मी तुमच्या चौकोनात ‘गै’ लिहिला, तेव्हा टाक दोनदा कागदात रुतला. ओव्हरसीअर तुमच्याकडं जाऊन आले, समजावून आले, शेवटी चिडून आले. तुम्ही पाच दिवस त्या दगडावरून हलला नाहीत. जितके दिवस दहा जणांना लागले, तितकेच.

पाचव्या दिवशी दुपारी मावशी गोलातून उठली. तिला काय कळलं आणि किती कळलं, देव जाणे. तिनं रस्ता ओलांडला, नाचणीची अर्धी भाकरी आणि त्यावर मिरचीचा ठेचा तुमच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा बाबा. तुला बी खंड पडला आता." एवढंच. तुम्ही खाल्लीत. हे मी पाहिलं नाही, मावशीनंच पुढं मला सांगितलं. मी पाहिलं ते संध्याकाळचं. तुम्ही भिजलेल्या अंगानं कचेरीच्या दारात आलात आणि म्हणालात, "मस्टर दाव." मी दाखवलं. तुम्ही बोट ठेवून पाच तुरेवाले मोजलेत, सावकाश, एकेक. "ब्येस," म्हणालात. मला शाबासकी दिल्यासारखे. दुसऱ्या दिवशी तुम्ही फावडं उचललंत, आणि दुपारी गोल रुंद झाला.

दिवाळीच्या यादीत तुमचं नाव गेलं नाही. आईनं त्याचा एका शब्दानंही उल्लेख केला नाही, पण त्या दिवाळीत दारात पणत्या लावताना ती तुमच्याशी बोलत नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत रोजंदारीवरच राहिलात. जुन्या रोजंदारांना पक्कं करायचं ठरलं तेव्हा तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले होते. ते मागणं पुष्कळ ठिकाणच्या माणसांनी केलं असणार, पण मावशी मला म्हणाली, "आमचा तांब्या पावला." तिच्या कागदावर मीच शिक्का मारला. तुमच्या मैलावर आता कारखान्याची कंपाउंडं आहेत, आणि मोऱ्या कुठं गेल्या कळत नाही.

आता उरलेलं सांगतो. इतकी वर्षं मी ही गोष्ट बायकोला, मुलांना सांगितली, ती बापावरच्या मायेची म्हणून. वेडी माया, चुकली, पण माया. आईही तेच मनाशी धरून गेली. आबा, तसं नव्हतं. संपाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं होतं. मी स्वतः तेव्हा तात्पुरता होतो, मला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर सहीला पडलेला. तो मला दिसत होता. ते म्हणाले, "तुझा बाप कुठं आहे? त्या जांभळीखाली तर नाही ना?" मी म्हणालो, "नाही साहेब. ते उरवड्याच्या बाजूला खडीच्या कामावर आहेत." तोंडातून गेलं ते गेलं. मग मस्टर त्या उत्तराशी जुळायला हवं होतं, म्हणून तो ‘ह’. दिवाळीची यादी मला तुम्ही पाटावर बसलात तेव्हा, आईच्या तोंडून ऐकल्यावर सुचली. माझ्या कागदावर त्याच आठवड्यात सही झाली. काल बँकेत जी पेन्शन चालू ठेवायला गेलो होतो, ती तिथून सुरू होते.

हे तुम्हाला ठाऊक होतं का, ते मला कधी कळलं नाही. तुम्ही विचारलं होतंत, "का केलंस?" आणि मी आईच्या उत्तराआड लपलो होतो. हा कागद आता त्या छत्रीच्या दांड्याशी कपाटात ठेवीन, कापड केव्हाच गेलंय, दांडा आहे. साहेबांनी विचारलं होतं, तुझा बाप कुठं आहे. जांभळीखाली आहे साहेब, एवढंच म्हणायचं होतं.